लेखी चौकशी

निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात, नाहीतर सकाळच्या फिरण्याला. मी चौकशीला लागले. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी गेली. तिथे काम एकच. कुणी काही विचारलं की ते कुठे छापलंय हे शोधायचं आणि त्याच्या हातात द्यायचं. नोकरी सुटली, पण सवय सुटली नाही. दुपारी घरात बसून मी मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर लोकांनी लिहिलेलं शोधू लागले आणि मला त्यात गोडी लागली.

शोधायचं म्हणजे नुसतं वाचत बसायचं नाही. मनात आलं की चार ओळींत लिहून टाकायचं, अशा ज्या साइट असतात, तिथे अख्खा देश दिवसभर बडबडत असतो. त्या बडबडीतून हवी ती ओळ काढायची एक पद्धत असते. अमक्यानंच लिहिलेलं, अमुक शब्द असलेलं, अमुक तारखेच्या आधीचं, असं एकेक कुंपण घालत जायचं. शेवटी पाच-दहा नोंदी उरतात आणि त्या मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायच्या. एक गोष्ट मला लवकर कळली. माणूस स्वतःच्या पानावर जे लिहितो ते चारचौघांसाठी असतं. तो दुसऱ्यांच्या पानावर जाऊन काय उत्तरं देतो ते बघावं. तिथे तो बेसावध असतो. म्हणून मी पोस्टी नंतर बघायचे, उत्तरं आधी.

सोसायटीत माझं नाव झालं ते बिबट्यामुळे. आमच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. बिबट्या एका बंगल्याच्या कंपाउंडवरून उडी मारतोय, खाली लिहिलेलं, आपल्याच मागच्या गल्लीतला. नाशिकला बिबट्याचं कुणाला नवल नाही, त्यामुळे सगळ्यांनी विश्वास ठेवला. दोन दिवस कुणी मुलांना क्लासला पाठवेना. मी त्या व्हिडिओतलं एक चित्र घेऊन शोधलं, तर तोच बिबट्या दोन वर्षांपूर्वी आणखी तीन शहरांत याच मजकुरासह उडी मारत होता, आणि कोपऱ्यातली दुकानाची पाटी कानडीत होती. मी सगळे संदर्भ देऊन ग्रुपवर लिहिलं. सेक्रेटरींनी आभार मानले, बायकांनी फुलांची चित्रं पाठवली आणि चौथ्या दिवशी दुसरा बिबट्या पाठवला. तेव्हापासून मात्र जो तो येऊन म्हणायचा, मॅडम, हे खरं का ते जरा बघा. कांद्याच्या लिलावात झालेल्या भांडणाचा व्हिडिओ यंदाचा की गेल्या वर्षीचा, अॅडमिशनची तारीख खरंच पुढे गेली का, असलं सगळं.

माझी एक शिस्त होती. प्रत्येक उत्तराखाली संदर्भ. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, मी कुठे पाहिलं. ऐकीव गोष्टींची मला चीड आहे. कुणी ‘असं म्हणतात’ असं म्हणालं की मी विचारते, कोण म्हणतं? आमच्या घरातले म्हणायचे, ही देवळात गेली तर देवाकडेसुद्धा संदर्भ मागेल. मला त्यात चुकीचं काही वाटायचं नाही.

अशात माझी नणंद आणि तिचे यजमान घरी आले. पिंपळगावच्या पुढे त्यांची शेती, द्राक्षं आणि टोमॅटो. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, फार्मसी शिकलेली, इथेच अंबडच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत कामाला. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा विंचूरला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत, वडिलांचं नाशिकमध्येच द्वारका चौकात ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान. बघण्याचा कार्यक्रम झाला होता, दोघांना गॅलरीत अर्धा तास बोलायला सोडलं होतं. मुलाकडून होकार आला होता. भाचीनं आठ दिवस मागितले होते. याआधीच्या स्थळांना ती उभ्या उभ्या नाही म्हणाली होती, त्यामुळे आठ दिवस मागणं हाच घरच्यांना अर्धा होकार वाटला. आता या आठ दिवसांत चौकशी उरकायची होती.

“पोरगा बरा हाय,” नणंदेचे यजमान म्हणाले. “घर बी बरं हाय. पण वहिनी, दारूच्या कारखान्यात कामाला. दिवसभर त्याच वासात. पीत नसंल कशावरून?”

“दारू नाही हो, वाइन,” मी म्हणाले.

“नाव काय बी द्या. चढायची ती चढतीच ना?”

“वहिनी, तो पितो का, तेवढंच बघा,” नणंद म्हणाली. “बाकी आम्हाला लय काही नको.”

मी हो म्हणाले. मला आनंदच झाला होता. स्थळाच्या चौकशीच्या जुन्या पद्धतीबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट होतं.

ती पद्धत अशी. मुलीकडचा एखादा काका किंवा मामा मुलाच्या गावात जातो, टपरीवर चहा घेतो, पावसापाण्याचं बोलतो आणि जाता जाता त्या घराचा विषय काढतो. समोरचाही ओळखून असतो. तो सरळ काही सांगत नाही. ‘चांगला आहे मुलगा’ म्हणाला तर खुशाल पुढे जावं. ‘चांगला आहे, तुमचं तुम्ही बघून घ्या’ म्हणाला तर जरा सांभाळून. आणि ‘आमची मुलगी असती तर आम्ही थोडं थांबलो असतो’ म्हणाला, की चहाचा कप खाली ठेवून बस पकडावी. का, ते कुणी विचारत नाही. घरी आल्यावर मध्यस्थाला निरोप जातो की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी उघडलेलीसुद्धा नसते. सांगणाऱ्याला ते माहीत, ऐकणाऱ्यालाही माहीत. माझ्या मते हा सगळा भोंगळ कारभार होता. मुलीच्या जन्माचा प्रश्न आणि कागदावर एक ओळ नाही.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी बसले. मुलगा सापडायला पाच मिनिटं लागली. त्याचं खातं त्याच्याच नावानं होतं, काही लपवाछपवी नव्हती. द्राक्षातली साखर किती आली, टाक्या धुताना कपड्यांची काय दशा झाली, बस आज पुन्हा उशिरा आली, असलंच लिहिलेलं. द्वारकेच्या ट्रॅफिकचे बसच्या खिडकीतून काढलेले फोटो. थोडा विनोदी होता, पण चावरा नव्हता. मी नेहमीच्या पद्धतीनं त्याची उत्तरं काढली आणि त्यांत वाइन, दारू, पार्टी असे शब्द टाकले. कुणीतरी त्याला चिडवलं होतं की तुमची काय मजा, पगार घेऊन प्यायची. त्यानं लिहिलं होतं, ‘चव बघतो आणि थुंकतो. पोटात थेंब जात नाही.’ खाली त्याच्या दोन मित्रांनी दुजोरा दिला होता. कॉलेजच्या निरोपाच्या पार्टीत हा एकटा ताक पीत बसला होता म्हणे. चार वाजता मी चहा टाकला. प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. मुलगा पीत नव्हता.

तिथे मी उठायला हवं होतं.

पण एक गोष्ट मला टोचत राहिली. वायनरीत काम करणारा तरुण माणूस घोटभरसुद्धा गिळत नाही, हे कशामुळे? माळकरी तर दिसत नव्हता, अंड्याच्या भुर्जीचे फोटो होते. मग आणखी एक दिसलं. मित्रांबरोबरच्या कितीतरी फोटोंत मोटरसायकली होत्या आणि हा प्रत्येक ठिकाणी मागे बसलेला. नाशिकचा तिशीतला मुलगा, बापाचं भर द्वारकेला दुकान, आणि साधी स्कूटरसुद्धा चालवत नाही. ग्रंथालयात कुणी एक पुस्तक मागितलं तर मी त्याच्या शेजारची दोन आपणहून काढून द्यायचे. त्याबद्दल माझं फार कौतुक व्हायचं. इथे दुसरं पुस्तक कुणी मागितलेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी त्याच्या उत्तरांत गोळी, औषध, डॉक्टर हे शब्द शोधले. दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी सापडलं.

काही वर्षांपूर्वी कुठल्याशा गावातल्या एका बाईनं लिहिलं होतं की तिची मुलगी दुसरीत आहे, शाळेत तिला फिट आली, तोंडाला फेस आला. घरचे म्हणतात कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा, बाहेरचं बघून घ्या. शाळा म्हणते काही दिवस पाठवू नका. मला काही सुचत नाही, कुणी सांगेल का. खाली लोकांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. या मुलानं मात्र लांबलचक उत्तर दिलं होतं, एका पोस्टीत मावेना म्हणून सहा तुकड्यांत. पहिला तुकडा असा होता, ‘ताई, मला आठवीत असताना वर्गात पहिली फिट आली. अजून गोळ्या चालू आहेत. मी शिकलो, नोकरी करतो, ठणठणीत आहे. घाबरू नका.’ पुढच्या तुकड्यांत त्यानं सगळं नीट समजावलं होतं. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. गोळीची वेळ चुकवू नका. मोठं झाल्यावर दारू नको, जागरण नको. मी गाडी चालवत नाही, बसनं जातो, बसला खिडकी मिळते, त्यामुळे माझं काही अडत नाही. मुलीला शाळेत पाठवा आणि मागच्या बाकावर बसवू देऊ नका.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. दारू नाही आणि गाडी नाही, दोन्ही धागे एका जागी येऊन मिळाले होते. त्या मुलाचं काय किंवा त्या बाईचं काय, असा विचार मनाला शिवला नाही. मी पहिल्या तुकड्याचं चित्र काढून ठेवलं, तारीख लिहिली, लिंक लिहिली आणि वही मिटली.

अहवाल सात पानांचा झाला. वर माझं नाव, खाली ग्रंथपाल (निवृत्त). शिक्षण, नोकरी, मित्रमंडळी, स्वभाव, असे मथळे पाडले. मद्यपान: नाही, संदर्भ एक ते चार. प्रकृती: अपस्मार, म्हणजे फिट, आठवीपासून, औषधोपचार चालू, संदर्भ अकरा. प्रत्येक संदर्भावर बोट ठेवलं की मूळ पोस्ट उघडेल अशी सोय केली. शेवटच्या पानावर अकराव्या संदर्भाचं चित्र.

आमच्या घरातल्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. मग म्हणाले, “हे अकरावं ठेवायलाच हवं का?”

“मग काय लपवू?”

“तिनं पितो का एवढंच विचारलं होतं.”

“अर्धवट माहिती देण्यापेक्षा न दिलेली बरी,” मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. बायकोशी वाद घालायचा नाही हे त्यांचं जुनं धोरण आहे, आणि त्या दिवशी मला ते सोयीचं वाटलं.

नणंदेचा मोबाइल भरलेला असतो म्हणून अहवाल तिच्या यजमानांना पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. “वहिनी, देवानंच तुम्हाला बुद्धी दिली. पोरगी वाचली.” मध्यस्थाला पत्रिका जुळत नाही असं सांगून झालं होतं. एवढा सप्रमाण अहवाल हातात असताना यांनी पुन्हा तीच थाप मारली म्हणून मी मनात चिडले. भाचीचे आठ दिवस अजून संपायचे होते. ती काय म्हणाली, हे मी विचारलं नाही.

नणंदेच्या यजमानांच्या मनात वाईट काही नव्हतं. आपण कशातून सुटलो हे भावकीला कळावं म्हणून त्यांनी अहवाल भावकीच्या ग्रुपवर टाकला. जुन्या पद्धतीत असं व्हायचंच. चौकशीचं बोलणं चार घरांत जायचं. पण जाता जाता त्याची धार बोथट व्हायची. काहीतरी प्रकृतीचं आहे म्हणे, असं कुणी म्हणायचं, दुसरा म्हणायचा मी तर दुसरंच ऐकलं, आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत सगळं विसरून जायचं. माझ्या चौकशीला पानांचे नंबर होते. बोट ठेवलं की उघडत होतं. त्यात चूक काढायला जागा नव्हती, म्हणून ती विसरली जाण्यालाही जागा नव्हती. भावकीतून ती टोमॅटोवाल्यांच्या ग्रुपवर गेली आणि तिथून तालुक्या-तालुक्याच्या वधू-वर ग्रुपांवर. तीन-चार दिवसांत आमच्याच सोसायटीतल्या एका बाईनं ती मला पाठवली आणि विचारलं, हे तुम्हीच ना, फार छान काम. वर बारीक अक्षरांत होतं, अनेक वेळा पुढे पाठवलेले. बिबट्याच्या व्हिडिओवरही तसंच होतं.

शनिवारी भाची आली. कंपनीतून परस्पर आली होती, पाठीवरची सॅकही न काढता खुर्चीच्या कडेला बसली. पाणी प्यायली.

“मामी, तुला काय शोधायला सांगितलं होतं?”

“तो पितो का ते.”

“मग?”

“पीत नाही.”

“मला माहितीये. का पीत नाही तेही माहितीये. गॅलरीत पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं त्यानं. गोळी कुठली, किती वेळा, शेवटची फिट कधी आली, सगळं. म्हणाला, मी प्रत्येक मुलीला आधी हेच सांगतो, मग ती आत जाते आणि नाही म्हणते.”

मी तिचा रिकामा पेला उचलून ओट्यावर ठेवला.

“तू काय म्हणालीस त्याला?” मी विचारलं.

“मी म्हटलं, माझं ठरलंय, घरच्यांना वेळ लागेल. मामी, आठ दिवस मी माझ्यासाठी मागितले नव्हते. आईबाबांसाठी मागितले होते. त्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती मी आजची. तिघांनी जायचं, डॉक्टर बोलतील, बाबा ऐकतात डॉक्टरांचं. त्याच्याआधी तुझी सात पानं आली.”

ती गुरुवारी रजा टाकून विंचूरला जाऊन आली होती. तो गेटवर येऊन भेटला. रागावला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. त्याच्या धाकट्या बहिणीचं जमलं होतं, साखरपुड्याचा दिवस धरायचा होता. त्या लोकांनी माझं शेवटचं पान पाठवून विचारलं होतं, मुलीलाही आहे का, घराण्यातच आहे का. आता ते फोन घेत नव्हते. त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं की त्या घराशी संबंध नको. आणि तो स्वतः तिला म्हणाला, “तुझ्याबद्दल माझं काही नाही. पण तुमच्याकडच्या कार्याला मी जेवायला बसलो, तर सगळे माझ्या हाताकडे बघत राहतील. मला तसं आयुष्यभर जेवायचं नाही.”

“मी सगळ्यांना लिहिते,” मी म्हणाले. “सविस्तर लिहिते. या आजाराची नीट माहिती देते. पुरवणी काढते.”

“पुरवणीला पण संदर्भ देशील ना?” ती म्हणाली आणि उठली. जिना उतरताना तिच्या चपलांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला.

मला शरम वाटली. इतक्या वर्षांत एवढी शरम मला कधी वाटली नव्हती. नोकरीत असताना एकदा एका विद्यार्थिनीचे वडील आले होते, मुलीनं कोणकोणती पुस्तकं नेली ते बघू द्या म्हणाले. मी रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवला होता. कोण काय वाचतं हे आम्ही सांगत नाही, असं ठणकावून सांगितलं होतं. प्राचार्यांपर्यंत गेलं ते प्रकरण, तरी मी हटले नाही. हा मुलगा काय लिहितो हे मात्र मी सात पानांत सांगून मोकळी झाले, कारण तिथे रजिस्टर उघडंच पडलेलं होतं.

दोन दिवसांनी मी द्वारकेला त्याच्या वडिलांच्या दुकानात गेले. पाइपांची भेंडोळी, फिल्टरचे खोके, गिऱ्हाइकांची वर्दळ. मी कोण ते सांगितलं. ते शांतपणे उठले, मला स्टूल दिलं. मी म्हणाले, माफी मागायला आलेय.

“कसली माफी, बाई?” ते म्हणाले. “पत्रिका जुळली नाही. जुळत नाहीत कधी कधी.”

“तसं नाही, मी जे लिहिलं...”

“आम्हाला मध्यस्थानं पत्रिकेचं सांगितलं. आम्ही तेवढंच धरून चाललोय. तुम्ही पण तेवढंच धरा.” आणि ते गिऱ्हाइकाकडे वळले, ड्रिपर किती लिटरचा हवा ते विचारू लागले. ज्या थापेवर मी आयुष्यभर हसले, तिच्या आडोशाला हा माणूस आपलं घर घेऊन उभा होता, आणि मी तिथेही जाऊन बोलायला बसले होते. मी स्टुलावरून उठले. उन्हात उड्डाणपुलाखाली रिक्षा मिळायला वेळ लागला.

मी नणंदेला आणि तिच्या यजमानांना बसवून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. यजमान म्हणाले, “आता बोलून काय उपेग, वहिनी? तुम्हीच लिव्हलं ना?” ग्रुपवर अहवाल पुसून टाका म्हणून मी ज्याला त्याला विनवलं. लोक बरं म्हणाले. काहींनी पुसलाही असेल. मुलाच्या बहिणीचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही, आणि ते शोधायचं नाही असं मी ठरवलं. भाचीला त्यानंतर दोन स्थळं आली. दोन्ही वेळा ती बघण्याच्या कार्यक्रमाला घरीच थांबली नाही.

पावसाळा संपता संपता ती पुन्हा आली. या वेळी सॅक काढून ठेवली, चहा घेतला, मामाशी बोलली. मग लॅपटॉपकडे बोट करून म्हणाली, “त्यानं त्या बाईला लिहिलेलं मला दाखव. सगळं. सगळ्या भावकीनं वाचलं, मीच वाचलेलं नाही.”

मी शोधायला बसले. त्याचं खातं बंद झालं होतं. अहवालातल्या लिंकवर बोट ठेवलं तर काहीच उघडेना. मी त्या बाईच्या बाजूनं शोधलं, तिचे शब्द टाकले, दुसरी, शाळा, फिट, चप्पल. तिचा प्रश्न होता तसाच होता. खाली एकाखाली एक सहा रिकामे चौकोन होते आणि प्रत्येकात तेच वाक्य, ही पोस्ट आता उपलब्ध नाही. माझ्याकडे फक्त पहिल्या तुकड्याचं चित्र होतं. बाकीचे पाच तुकडे मी जपून ठेवले नव्हते, त्यांची मला गरज पडली नव्हती. आठवलं तेवढं मी तिला तोंडी सांगितलं. बसला खिडकी मिळते, हे सांगितल्यावर ती किंचित हसली.

“खाली अजून काहीतरी आहे,” ती म्हणाली.

सहा रिकाम्या चौकोनांच्या खाली त्या बाईचं उत्तर शिल्लक होतं. ‘दादा, तुम्ही लिहिलेलं सगळं सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या रडल्या. चप्पल त्यांनीच उचलून बाहेर टाकली. पोरगी उद्या शाळेत जाणार आहे. तुमच्या घरी जी सून येईल ती सुखात राहील.’

भाचीनं ते वाचलं. मग पडद्याजवळ जाऊन पुन्हा वाचलं.

“हे तेव्हाही होतं?”

“होतं.”

“तू वाचलं होतंस?”

“हो.”

“मग अहवालात का नाही घातलंस?”

मी तिला खरं ते सांगितलं. तेव्हा मला वाटलं होतं, ते मुलाबद्दल नाही.